धनी विचारू नये

सुट्टीच्या दिवशी लाँड्रीत एवढा आवाज कधी झाला नव्हता.

यंत्रं गप्प होती. बॉयलर थंड पडला होता, वाळवणाच्या दोऱ्या रिकाम्या होत्या. तरीही बाहेरून कुणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, की सगळी यंत्रं एकदम चालू केलीत आणि एकात कुणीतरी मूठभर खडे टाकलेत. मामा ओरडत होते. ताई मामांवर ओरडत होती. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा गदारोळ, त्या सासूबाई इस्त्रीच्या लांब टेबलाशी बसून उशीच्या एकाच अभ्र्याची घडी घालत होत्या, मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

"मी जाणार नाही," त्या चौथ्यांदा म्हणाल्या.

"जाणार नाही म्हणजे? परवा सकाळी आठला भरती व्हायचंय. डॉक्टरबाईंनी खाट राखून ठेवलीय," ताई म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं ती खाट. जगात गरजवंत काय कमी आहेत?"

ताई, सासूबाईंची मुलगी, परगावी शाळेत गणित शिकवायची. चार दिवसांसाठी माहेरी आली, आईच्या खोलीत झोपली आणि दुसऱ्याच दिवशी जे दिसलं त्याबद्दल तिने सरळ विचारलं. मग तिने रजा वाढवली, सोनोग्राफी झाली, आतला तुकडा काढून तपासायला गेला, आणि काल त्याचा कागद आला. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर. तीन शब्द. घरातल्या प्रत्येकाने ते तीन-तीनदा वाचले होते आणि मोठ्याने कुणीच उच्चारले नव्हते.

निळी दाराजवळ, डाग काढायच्या हौदापाशी उभी होती. ती या घरची सून. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नीळ घालताना तिचा हात सैल सुटला होता आणि गेस्टहाउसच्या सगळ्या चादरी आभाळासारख्या निळ्या झाल्या होत्या. सासूबाई तेव्हा पोट धरधरून हसल्या होत्या. बावीस वर्षं झाली, चादरींचा रंग उडाला, नाव काही उडालं नाही.

आज निळीने अजून तोंड उघडलं नव्हतं. तिच्या पाठीमागे हौदात, थंड पाण्यात, एक पांढरं कापड भिजत पडलं होतं.

"मी काय म्हणतो," मामांनी जाकिटाच्या खिशात हात घातले. सासूबाईंचा हा धाकटा भाऊ, चाळीस वर्षं याच टेबलावर इस्त्री फिरवून आता नुसता सल्ला फिरवत होता. "या वयात बाईमाणसाचं थोडं इकडेतिकडे व्हायचंच. लोक तर म्हणतात, ही पुन्हा तारुण्य आल्याची खूण."

"मामा!"

"मी नाही म्हणत. लोक म्हणतात."

"लोकांना आणा इथे. एकेकाला कान धरून बाकावर उभं करते." ताईने इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या दांडीवर कुणीतरी वर्षापूर्वी टाकून गेलेला, न्यायला कधीच न आलेला एक कोट लटकत होता. तो तिने ओढला, उलटा केला, टेबलावर पसरला. "हे बघा. बाहेरून लोकर, आतून अस्तर. बाईच्या पिशवीला आतून असंच अस्तर असतं. दर महिन्याला ते नवं धरतं आणि गळून जातं, तीच पाळी. पाळी गेली की ते काम संपलं. आईचं बारा वर्षांपूर्वी संपलं. मग संपलेल्या कामातून रक्त येईल कुठून?"

तिने कोटाच्या अस्तरावर बोट आपटलं.

"दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही. डॉक्टरबाईच म्हणाल्या, दहाजणींत नऊजणींचं दुसरंच काहीतरी निघतं. पण दहावी कोण, ते तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी दाखवायचं. एक थेंब, मामा. आठ महिने नाही."

"आठ?" निळीचा नवरा खुर्चीवरून अर्धवट उठला. सासूबाईंचा हा एकुलता मुलगा, ताईहून चार वर्षांनी लहान. यंत्राच्या पोटात काय बिघडलंय ते आवाजावरून सांगायचा. "आई, आठ महिने?"

"आधी नुसतं गुलाबी पाणी होतं," सासूबाई अभ्र्याला म्हणाल्या.

"आणि आताही वेळ गेलेली नाही!" ताईचा आवाज फाटला. "अस्तरातच आहे, थोडं फार तर खालच्या स्नायूत शिरलं असेल. पिशवीबाहेर गेल्याचं दिसत नाही. पिशवी, नळ्या, अंडाशय, सगळं काढायचं. पुढे काय लागेल, लागेल की नाही, ते काढल्यावर नक्की कळेल. एवढं सरळ गणित आहे. आणि ही बाई म्हणते जाणार नाही!"

"सुरी लागली की पसरतं," मामा म्हणाले.

"तुम्हाला नव्हती लागली? तुमचं आतडं कापलं त्याला वीस वर्षं होतील. कुठे पसरलात तुम्ही? पोट सोडून?"

मामांचा हात नकळत पोटाकडे गेला. "माझी गोष्ट वेगळी. मला गळू झालं होतं."

"गळू नव्हतं. तुमचे कागद मी तेव्हाच वाचलेत."

मामा खाली बसले. वीस वर्षं जपून ठेवलेलं गळू भाचीने एका वाक्यात फोडलं होतं.

ताई आता थांबणार नव्हती. "आणि कुणी मला एवढं सांगा, घरात कुणालाच कसं कळलं नाही? लाँड्री आहे ही! डाग पाहून तुम्ही सांगता, गिऱ्हाईक चहा कुठल्या हाताने पितं. आणि घरच्या बाईला आठ महिने रक्त जातंय, ते दिसत नाही?"

"दिसलं असतं तर गप्प बसलो असतो का?" नवरा उसळला. मग काय आठवलं कोण जाणे, त्याने हळूच मान वळवली. डागांचा हौद एकटी निळी सांभाळायची. "निळे, तुला कळलं होतं?"

निळीला वाटलं, आता नाही म्हणावं. नाही म्हणणं इतकं सोपं होतं, नुसती मान हलवली तरी पुरलं असतं.

"हो," ती म्हणाली.

ताई दोन पावलं पुढे आली. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून! आणि तू काय केलंस?"

"काढले. डाग काढले."

ताईचा हात उठला होता. तो तसाच हवेत राहिला, कारण निळीने मान मागे झुकवून हौदाच्या वरच्या भिंतीकडे बोट केलं होतं. तिथे तेलरंगात, हाताएवढ्या अक्षरांत, सासूबाईंच्या आईने लिहिलेलं होतं. तिला सगळे मोठी आई म्हणत. लाँड्री तिने काढली. ती गेली, त्यानंतर दोनदा भिंती रंगवल्या, पण तेवढी ओळ सोडून रंगवल्या.

डाग काढावा, धनी विचारू नये.

"इथे पाऊल टाकलं त्या दिवशी मला हे वाचून दाखवलं," निळी म्हणाली. "घरच्या देवासारखं. चादरीवर काय दिसलं, कॉलरवर काय दिसलं, आपण बघायचं नाही. कुणाचं घर कुठे फाटलंय ते धोब्याला ठाऊक असतं, म्हणूनच धोब्याला जीभ नसते. मी कधी एका शब्दाने कुणाला विचारलं नाही. गावातली निम्मी घरं माझ्या हातावर विश्वास टाकतात, ते या ओळीमुळे. मग गेस्टहाउसच्या टॉवेलात रक्ताळलेल्या कापडाचा एकेक तुकडा यायला लागला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कापडाला आपण खुणेचा दोरा घालतो. या तुकड्यांना दोरा नव्हता."

"मग ओळखलंस कसं?" मामांनी विचारलं.

"काठ. कापड फाडल्यावर त्याला सुईने अशी उलटी टीप कोण घालतं, मामा? मला तीच टीप यांनी शिकवलीय."

सासूबाईंच्या हातातली घडी थांबली.

हौदावर काम करताना मोठी आई एक ओवी म्हणायची. ती सासूबाईंकडे आली, सासूबाईंकडून निळीकडे. आठ महिने, एकेक तुकडा नळाखाली धरून, निळी ती मनातल्या मनात म्हणत होती, दुसरं काही मनात येऊ नये म्हणून:

थंड पाण्याच्या हाताला रगत सोडतं कापड
ऊन पाणी नको बाई, त्याची बसते रे पकड

आणि डाग जायचा. एवढा स्वच्छ जायचा, की तिला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटायचं. या कौतुकाचीच आज तिला किळस येत होती. तिने मागे वळून हौदात हात घातला, भिजलेलं कापड उचललं आणि गळत्या पाण्यासकट इस्त्रीच्या टेबलावर आपटलं. उलट्या कोटावर, अभ्र्यावर, सासूबाईंच्या मनगटांवर पाणी उडालं. ज्या टेबलावर ओलं बोट टेकवायलासुद्धा मनाई होती, तिथे.

"आज मी विचारते," निळी म्हणाली. "आई, हा डाग कुणाचा?"

"निळे," नवरा म्हणाला.

"तुम्ही मधे पडू नका. कुणाचा?"

सासूबाईंनी वर पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते आणि रागाने लखलखत होते. "मोठी झालीस गं. आज जीभ फुटली."

"आठ महिने उशिरा फुटली."

"मग त्याचा राग माझ्यावर का? तुला धाडस झालं नाही, तो काय माझा गुन्हा?"

"दोघींवर आहे राग. पुरून उरेल एवढा आहे, काळजी नको." निळीने ओलं कापड त्यांच्यापुढे सरकवलं. "मला एक सांगा. तुमच्या खोलीला नळ आहे. जन्मभर कपडे धुतलेत तुम्ही. दोन मिनिटांत धुऊन, वाळवून, कुणाला वास लागू दिला नसता. मग माझ्या ढिगात का टाकत होता?"

सासूबाईंनी मनगटांवर उडालेलं पाणी पदराने पुसलं.

"ती पण माझ्याच ढिगात टाकायची," सासूबाई म्हणाल्या.

"कोण?"

"कोण म्हणजे? जिने ते भिंतीवर लिहिलं ती. माझी आई." त्यांनी ओळीकडे पाहिलंच नाही, पाठीला ठाऊक होतं ती कुठे आहे. "मी एकोणीस वर्षांची होते. याच हौदावर. पहिला तुकडा हातात आला आणि मी विचारलं, आई, हे कुणाचं? तिच्या हातात ओला टॉवेल होता. तोच तोंडावर बसला. दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा आणून तिने हे लिहिलं."

"म्हणजे ते गिऱ्हाइकांच्या अब्रूसाठी नव्हतं?" नवऱ्याने विचारलं. त्याने हीच गोष्ट अभिमानाने किती जणांना सांगितली असेल.

"गिऱ्हाइकांची अब्रू नंतर आली. आधी ती होती. दोन वर्षं मी तिचे तुकडे धुतले. दवाखान्यात नेली तेव्हा त्यांनी पोट उघडलं, सगळीकडे पसरलेलं पाहिलं आणि तसंच शिवून तिला परत दिलं. तुम्हाला सांगितलं, पोटाचं दुखणं. याला झालं तेव्हा सांगितलं, गळू." त्यांनी मामांकडे हनुवटी उडवली. "आमच्याकडे कापडं तेवढी स्वच्छ असतात."

ताई टेबलावरच्या ओल्या कोटावरच बसली. "डॉक्टरबाईंनी तुला विचारलं होतं, घरात कुणाला गर्भाशयाचं, आतड्याचं काही? तू नाही म्हणालीस. माझ्यासमोर. आणि मामांचं मीही त्यात धरलं नाही."

"सवय."

"सवय नाही, आई! काही घराण्यांत आतडं आणि पिशवी दोन्हीकडे हे रक्तातून उतरतं. तुझी आई, मामा, आता तू. हे त्यांना सांगितलंस तर त्या रक्ताची तपासणी सांगतील. मला सांगतील. यालाही." तिने भावाकडे पाहिलं आणि तिचा गणिताचा आवाज पहिल्यांदाच गडबडला. "मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. कुणी मला काही सांगणार होतं का? की माझेही डाग काढणार होतात?"

निळी मात्र सासूबाईंवरून नजर हटवत नव्हती. तिला आता सगळं दिसत होतं, आणि जे दिसत होतं त्याने राग कमी व्हायच्या ऐवजी पेटत चालला होता.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," ती हळू म्हणाली. "पहिला तुकडा फाडलात तेव्हाच ठाऊक होतं, हे काय आणि कुठवर जातं. आणि तुम्ही माझ्या हातून तेच करून घेतलंत. तुमच्या आईने तुमच्या हातून करवलं तेच. उद्या काही झालं असतं तर जन्मभर मी या हातांकडे कशी बघणार होते?"

"मी बघत आलेय. जमतं."

"मला जमवायचं नाही!"

सासूबाई उठल्या. टेबलाला हात टेकवून, सावकाश. आता त्या दोघी समोरासमोर होत्या, मधे ते ओलं कापड.

"विचारलं असतंस तर मी तुला मारलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "आईने मला मारलं तसंच. ओल्या टॉवेलाने." त्यांनी ओठ दातांखाली धरला. "तरी विचारायला हवं होतंस."

एवढं बोलून त्या मधल्या दाराने आपल्या खोलीत गेल्या. कडी लावल्याचा आवाज आला.

"जाणार की नाही, ते सांगितलंच नाही," मामा म्हणाले.

थोड्या वेळाने मामाच उठले आणि खुंटीवरची टोपी घेतली.

"कुठे?" ताईने विचारलं.

"घरी. पत्र्याच्या पेटीत कागद आहेत माझे. गळवाचे." त्यांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "त्या डॉक्टरबाईंना दाखवायचे ना?"

दुसऱ्या दिवसभर खोलीचं दार बंद होतं. जेवणाचं ताट आत जायचं आणि घासूनपुसून बाहेर यायचं. ताई दारातून बोलली, मुलगा दारातून बोलला. निळी बोलली नाही. तिने हौदावर दुपटीने काम केलं आणि एका शर्टाची कॉलर विरेपर्यंत घासली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता लाँड्री भरात होती. बॉयलर शिट्ट्या मारत होता, दोन्ही मोठी यंत्रं गरगरत होती, हाताखालच्या बायका चादरी निवडत होत्या, मामा सवय म्हणून येऊन इस्त्री तापवत होते. बाहेर नवऱ्याने गाडी उभी केली होती. गाडीत ताई मांडीवर फाइल घेऊन बसली होती. सासूबाई आल्या नाहीत तर नुसते कागद घेऊन जाण्याचीही त्यांनी तयारी ठेवली होती.

मधलं दार उघडलं. सासूबाईंनी केस विंचरले होते, पायांत बाहेरच्या चपला होत्या, खांद्याला पिशवी. त्या सरळ कपडे निवडायच्या टेबलाशी आल्या, जिथे सगळ्यांची नजर पडते. पिशवीतून एक गुंडाळी काढली, उलगडली आणि पांढऱ्या चादरींच्या मधोमध ठेवली. दोरा नसलेली, उलट्या टिपेची. मधे डाग, आत दुमडून न लपवलेला.

बायकांचे हात थांबले. मामांनी इस्त्री उभी केली.

"हा माझा आहे," सासूबाई म्हणाल्या. यंत्रांच्या आवाजात ऐकू जाणार नाही असं वाटलं म्हणून, की मुद्दामच, त्या पुन्हा मोठ्याने म्हणाल्या, "माझा. ऐकलंत सगळ्यांनी? आता कामं करा."

मग निळीकडे वळल्या. "झालं समाधान?"

"नाही," निळी म्हणाली.

"होणारही नाही इतक्यात. ओळखते मी तुला." त्या दाराकडे निघाल्या, उंबऱ्यापाशी थांबल्या. "भेटायला येताना डबा तू घेऊन ये. ताईच्या हातचं अळणी असतं. आणि परत आले की ती भिंत रंगवून घेऊ. सगळी."

"तुम्ही परत येईपर्यंत कोण थांबतंय?"

सासूबाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. गाडीचं दार लागलं, गाडी निघाली.

निळीने ते कापड उचललं आणि हौदावर आली. थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडला. ओवीची पहिली ओळ ओठांवर आली; तिने ती गिळली नाही, चढ्या आवाजात म्हणाली, भांडायला उभी राहिल्यासारखी. दोन्ही मुठींत कापड धरून ती घासत सुटली.

"अगं, हळू," मामा टेबलावरून ओरडले. "फाटेल ते!"

"फाटू दे," निळी म्हणाली.